विहिरीत सोडलेला दगड आणि दहावीचं बीजगणित : फेकलेल्या वस्तूची शाब्दिक उदाहरणं अशी सोडवा

परंडा : अनोळखी विहिरीच्या काठावर गेलं की आपल्याकडं पहिलं काम ठरलेलं. कुणीतरी बांधावरचा खडा उचलतं, आत सोडतं आणि सगळे कान देऊन उभे राहतात. 'डुबुक' वाजलं की एखादं जुनं माणूस सांगून टाकतं, "असंल दहा परस." परस म्हणजे साधारण उभ्या माणसाएवढी खोली. दोर सोडून मोजलं तर बहुतेक वेळा हा अंदाज जवळपास बरोबर निघतो.

हा अंदाज म्हणजे चक्क वर्गसमीकरण आहे. नववीच्या विज्ञानात 'गतीचे नियम', दहावीच्या विज्ञानात 'गुरुत्वाकर्षण' आणि दहावीच्या गणितात 'वर्गसमीकरणे' असे तीन धडे वेगवेगळे शिकवले जातात. 'एक चेंडू बुरुजावरून वर फेकला...' असं सुरू होणाऱ्या उदाहरणात हे तिन्ही एकत्र येतात आणि तिथंच पोरं पेन खाली ठेवतात. आकडेमोड येत नाही म्हणून नव्हे. वाक्याचं समीकरण कसं करायचं आणि दोन उत्तरं आली तर खरं कुठलं, हे कुणी नीट सांगितलेलं नसतं म्हणून. तेवढंच इथं सविस्तर बघू.

समीकरणाचे तीन तुकडे

पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात. आपण वेळेला जुन्या पद्धतीनं 'क्ष' म्हणू, आणि वेळ कायम सेकंदात. विहिरी आपण फुटात मोजतो, म्हणून अंतरही फुटातच घेऊ.

उंची = सुरुवातीची उंची + (फेकण्याचा वेग × क्ष) − १६क्ष²

पहिला तुकडा सांगतो, वस्तू कुठून निघाली. दुसरा सांगतो, गुरुत्वाकर्षण नसतं तर ती कुठवर गेली असती. तिसरा तुकडा म्हणजे पृथ्वीनं तेवढ्या वेळात तिला किती खाली ओढलं.

हे १६ कुठून आले, ते पाठ करू नका, समजून घ्या. पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ३२ फुटांनी वाढतो. सोडताना वेग शून्य, एका सेकंदानंतर ३२. त्या सेकंदातला सरासरी वेग १६, म्हणून पहिल्या सेकंदात वस्तू १६ फूट पडते. दोन सेकंदांनी वेग ६४ होतो, सरासरी ३२, आणि दोन सेकंदांचे ६४ फूट. १६ ला वेळेच्या वर्गानं गुणलं की हेच आकडे येतात. दीड सेकंदाला ३६ फूट, अडीच सेकंदाला १०० फूट. वेळ दुप्पट झाली की खोली चौपट होते, हे एवढं डोक्यात राहिलं तरी पुष्कळ.

मीटरमध्ये उदाहरण असेल तर ३२ च्या जागी ९.८ आणि १६ च्या जागी ४.९ येतात. काही उदाहरणांत 'गुरुत्व त्वरण १० घ्या' असं सांगितलेलं असतं, मग १० आणि ५ घ्यायचे. फूट आणि मीटर एकाच उदाहरणात मिसळले की सगळं वाया. हवेचा अडथळा धरायचा नाही, असं या उदाहरणांत गृहीत असतं. त्यामुळं दगड जड की हलका, यानं उत्तर बदलत नाही.

वाक्य वाचा, आकडा नंतर

उदाहरणातल्या साध्या शब्दांत आकडे लपलेले असतात. दगड 'सोडला' म्हटलं की फेकण्याचा वेग शून्य, दुसरा तुकडा गायब. 'वर फेकला' म्हणजे वेग अधिक, 'खाली फेकला' म्हणजे वेग उणे. 'जमिनीवरून' म्हणजे सुरुवातीची उंची शून्य. 'जमिनीवर कधी पडेल?' असं विचारलं तर डाव्या बाजूची उंची शून्य धरायची. 'सर्वांत उंच कधी जाईल?' असं विचारलं तर तिथं वेग शून्य असतो, म्हणजे फेकण्याचा वेग भागिले ३२ केलं की वेळ मिळाली.

आता एक उदाहरण पूर्ण करू. आकडे सोपे घेतलेत, आपल्या किल्ल्याचा कुठला बुरुज मोजून आणलेला नाही.

*४८ फूट उंच बुरुजावरून एक चेंडू सेकंदाला ३२ फूट वेगानं सरळ वर फेकला. तो बुरुजाला न लागता खाली आला, तर जमिनीवर किती वेळानं पडेल?*

आधी कागदावर एक उभी रेघ मारा. खाली ०, मध्ये ४८, चेंडूजवळ वर जाणारा बाण. हे चित्र काढायचा कंटाळा करणारेच पुढं चिन्हात चुकतात.

४८ + ३२क्ष − १६क्ष² = ०

सगळ्याला −१६ नं भागलं की क्ष² − २क्ष − ३ = ०. अवयव पाडले तर (क्ष − ३)(क्ष + १) = ०. म्हणजे क्ष = ३ किंवा क्ष = −१. चेंडू ३ सेकंदांनी जमिनीवर पडेल. सर्वांत उंच तो १ सेकंदाला असतो, तेव्हाची उंची ४८ + ३२ − १६ = ६४ फूट.

याच चेंडूबद्दल विचारलं, की ६० फुटांवर तो कधी असेल? मग डावीकडं शून्याऐवजी ६० मांडा. सोपं रूप येतं ४क्ष² − ८क्ष + ३ = ०, आणि उत्तरं अर्धा सेकंद व दीड सेकंद. इथं दोन्ही खरी आहेत. एकदा वर जाताना, एकदा खाली येताना. एकच लिहिलं तर अर्धं उत्तर.

आणि ७० फुटांवर कधी? समीकरण होतं १६क्ष² − ३२क्ष + २२ = ०. विवेचक काढा: १०२४ − १४०८, म्हणजे ऋण. मुळंच नाहीत. चेंडू ६४ च्या वर जातच नाही, ७० ला कुठून असणार? विवेचक ऋण आला की आपलं काहीतरी चुकलं असं समजून पान खोडू नका. 'चेंडू त्या उंचीपर्यंत पोचत नाही' हेच उत्तर असतं.

आता तोच चेंडू, तोच बुरुज, वेगही तोच, पण खाली फेकला तर? ४८ − ३२क्ष − १६क्ष² = ०, म्हणजे क्ष² + २क्ष − ३ = ०, आणि उत्तर १ सेकंद. तीन सेकंदांचं काम एका सेकंदात. गंमत म्हणजे जमिनीवर आदळतानाचा वेग दोन्ही वेळेला सारखाच, सेकंदाला ६४ फूट, म्हणजे ताशी ७० किलोमीटर. वर फेकलेला चेंडू परत बुरुजाच्या उंचीवर येतो तेव्हा त्याचा वेग पुन्हा ३२ झालेला असतो, फक्त तोंड खाली. तिथून पुढं दोघांचा प्रवास एकच.

उणे उत्तर आलं तर

आमच्या वेळी वर्गात सांगायचे, उणे उत्तर आलं की खोडा. का खोडायचं, ते कुणी सांगितलं नाही. वरच्या उदाहरणातला उणे एक बघा. त्याचा अर्थ 'फेकण्याच्या एक सेकंद आधी'. समजा चेंडू बुरुजावरून न फेकता एक सेकंद आधी जमिनीवरूनच ६४ च्या वेगानं कुणी वर मारला असता, तर एका सेकंदात तो ६४ − १६ = ४८ फुटांवर, म्हणजे बरोबर बुरुजाच्या टोकाशी आला असता, आणि तेव्हा त्याचा वेग ३२ च उरला असता. समीकरणाला बुरुज दिसत नाही. चेंडू कुणाच्या हातातून सुटला तेही त्याला कळत नाही. ते फक्त सांगतं, की अशा वाटेनं जाणारी वस्तू जमिनीच्या पातळीला दोन वेळा असते. त्यातली कुठली वेळ आपल्या गोष्टीतली, हे आपण ठरवायचं.

हा वाद नवा नाही. भास्कराचार्य, जन्म १११४, ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, त्यांनी 'बीजगणित' ग्रंथात वानरांचं एक कोडं दिलंय. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे उरतं त्याचा वर्ग, एवढी वानरं गुहेत गेली आणि एक बाहेर दिसतंय, तर एकूण किती? समीकरण सोडवलं की ५० आणि ५ अशी दोन उत्तरं येतात. दोन्ही अधिक आहेत, दोन्ही समीकरणात बसतात. पण ५ घेतलं तर पाचवा भाग १ येतो, आणि एका वानरातून तीन कसे वजा करणार? म्हणून भास्कराचार्यांनी ५ नाकारलं आणि ५० ठेवलं. म्हणजे उत्तर उणे आहे म्हणून टाकायचं असं नाही, ते गोष्टीत बसत नाही म्हणून टाकायचं. परीक्षेतही तेवढं एक वाक्य लिहा: 'वेळ ऋण नसते, म्हणून क्ष = −१ अमान्य.'

विहीर मोजताना

आता खऱ्या विहिरीकडं येऊ. दगड सोडल्यापासून बरोबर २ सेकंदांनी आवाज आला. १६ × ४ = ६४ फूट, असं लगेच सांगता येतं. पण त्या २ सेकंदांत दोन कामं झाली. दगड खाली गेला आणि मग आवाज वर आला. आवाज सेकंदाला साधारण ११०० फूट जातो, उन्हाळ्यात थोडा जास्त.

दगड पडायला क्ष सेकंद लागले तर खोली १६क्ष². तेवढं अंतर आवाजाला यायला १६क्ष² भागिले ११०० सेकंद. दोन्हींची बेरीज २. छेद काढून टाकला की,

१६क्ष² + ११००क्ष − २२०० = ०

इथं अवयव पडत नाहीत, सूत्र पद्धत वापरा. विवेचक १३,५०,८००, त्याचं वर्गमूळ सुमारे ११६२.२४. त्यातून ११०० वजा केले, ३२ नं भागलं, क्ष = १.९४५. खोली १६ × १.९४५ × १.९४५, म्हणजे साधारण साडेसाठ फूट. दुसरं उत्तर उणे ७० च्या आसपास येतं, ते गोष्टीत बसत नाही. आवाजामुळं फरक पडला साडेतीन फुटांचा.

त्यापेक्षा मोठी चूक आपल्या हाताची असते. स्टॉपवॉच दाबायला नुसता पाव सेकंदाच्या आत उशीर झाला, म्हणजे ०.२ सेकंद धरा, तरी या खोलीला बारा फुटांचा घोळ होतो. म्हणून स्टॉपवॉच नको, व्हिडिओ घ्या. एकानं मोबाईल अशा बेतानं धरायचा की दगड सोडणारा हात दिसेल आणि आवाजही रेकॉर्ड होईल. मग व्हिडिओ एडिटमध्ये उघडून हळूहळू सरकवत हात सुटल्याचा क्षण आणि 'डुबुक' वाजल्याचा क्षण शोधायचा. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो. एका चित्राची चूक झाली तरी फरक दोन फुटांच्या आसपास राहतो. तीन वेळा करून सरासरी काढली तर आणखी बरं.

एक ध्यानात ठेवा. दगड विहिरीची खोली सांगत नाही, पाण्याची पातळी सांगतो. पाणी किती खोल आहे ते वेगळंच. पण पातळीही उपयोगाची असते. काठावर बसवलेली मोटर वीस-पंचवीस फुटांपेक्षा खालचं पाणी नीट ओढत नाही, त्यामुळं मोटर वर ठेवायची की पाण्यात सोडायची, हे उन्हाळ्यातल्या पातळीवर ठरतं.

आणि हे गणित फक्त मार्कांसाठी नाही, ते इथं कळतं. खोदकाम चालू असलेल्या ६० फुटी विहिरीत काठावरून एखादा दगड, पाना, हातोडी निसटली तर तळाशी पोचताना तिचा वेग किती? वेगाचा वर्ग = २ × ३२ × ६० = ३८४०. वेग सेकंदाला ६२ फूट, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर. आणि पोचायला दोन सेकंदही लागत नाहीत. वरून "अरे सरक!" असं ओरडेपर्यंत वस्तू खाली पोचलेली असते. म्हणून काठाच्या कडेला हत्यारं, मुरूम, दगड ठेवायचे नाहीत आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट हवंच. आत माणूस असताना, किंवा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत, हा प्रयोग करायचा नाही. कठडा नसलेल्या विहिरीजवळ पोरांना एकटं पाठवू नका.

गोफणीचा गोटा

आतापर्यंत वस्तू सरळ वर-खाली जात होती. तिरकी फेकली तर पोरं घाबरतात, पण युक्ती एकच आहे. एका फेकीच्या दोन गती करा. आडवी गती कायम तेवढीच राहते, कारण आडवं ओढणारं कुणी नाही. उभी गती वरच्यासारखीच चालते. दोघींमधलं घड्याळ मात्र एकच.

परंडा, भूम, बार्शी, करमाळा पट्ट्यात रब्बी ज्वारीला कणसं भरली की पाखरं राखायला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, हे आपल्या आधीच्या पिढीचं रोजचं काम. समजा गोटा असा सुटला की त्याचा आडवा वेग सेकंदाला २० मीटर आणि वरचा वेगही २० मीटर. त्वरण १० धरू. माळ्याची उंची सोपं जावं म्हणून सोडून देऊ.

उभी गती: २०क्ष − ५क्ष² = ०. यातून क्ष = ० किंवा ४. शून्य म्हणजे गोटा सुटला तो क्षण, ४ म्हणजे पडला तो. आडवी गती: २० × ४ = ८० मीटर. सर्वांत उंच २ सेकंदाला, तेव्हा उंची ४० − २० = २० मीटर.

८० मीटर म्हणजे किती? चौरस एकराची एक बाजू ६४ मीटरच्या आत असते. म्हणजे गोटा आपलं एकरभर रान ओलांडून शेजाऱ्याच्या बांधापलीकडं जातो, आणि वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात. खऱ्यात हवा थोडा अडवते, अंतर कमी पडतं. तरी पलीकडं कुणी खुरपत नाही ना, हे बघूनच गोफण सोडायची. जुनी माणसं आधी आरोळी का द्यायची, ते यातून कळतं.

इथं दोन्ही वेग सारखे आहेत, म्हणजे गोटा ४५ अंशात गेला. तेवढ्याच जोरानं सपाट रानात सर्वांत लांब जायला हाच कोन लागतो. ३० अंश आणि ६० अंश यांनी अंतर सारखंच पडतं, फक्त ६० चा गोटा जास्त वेळ वर राहतो. अकरावीच्या भौतिकशास्त्रात हे पुन्हा भेटतं.

किल्ल्यातल्या तोफा

परंड्यात हा विषय काढायचा आणि किल्ल्याचं नाव घ्यायचं नाही, हे जमणार नाही. विजापूरच्या शर्झा बुरुजावर असलेली, सुमारे ५५ टनांची म्हणून सांगितली जाणारी मुलूख मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ती काही काळ आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये आदिलशाहीनं विजापूरला नेली. फेकलेली वस्तू कुठल्या वाटेनं जाते, हे गणितानं मांडणारं गॅलिलिओचं पुस्तक छापलं गेलं १६३८ मध्ये, म्हणजे तोफ इथून गेल्यावर सहा वर्षांनी. इथल्या गोलंदाजांचं काम सगळं अनुभवावर चाललेलं.

खरं तर पुस्तक हातात असतं तरी फार उपयोग झाला नसता. तोफगोळ्याचा वेग इतका जास्त असतो की हवेचा अडथळा सोडून देता येत नाही. १७४२ मध्ये इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्स यांनी प्रयोग करून हे दाखवून दिलं. चेंडू, गोटा, विहिरीतला दगड यांना आपलं समीकरण चालतं. तोफेला, बंदुकीच्या गोळीला आणि वाऱ्यावर उडणाऱ्या पिसाला नाही.

घरी सोडवून बघा

१) दगड सोडल्यावर दीड सेकंदानं पाण्यावर आदळला. आवाजाचा वेळ धरू नका. पाणी किती फुटांवर?

२) ९६ फूट उंचीवरून चेंडू सेकंदाला १६ फूट वेगानं वर फेकला. जमिनीवर कधी पडेल?

३) जमिनीवरून सेकंदाला ६४ फूट वेगानं वर फेकलेला चेंडू ४८ फुटांवर कधी असेल? १०० फुटांपर्यंत पोचेल का?

उत्तरं : १) ३६ फूट. २) ३ सेकंदांनी, −२ हे उत्तर अमान्य. ३) १ सेकंद आणि ३ सेकंद, दोन्ही मान्य, १०० फुटांना पोचणार नाही, जास्तीत जास्त उंची ६४ फूट.